सही मिळणार नाही

सही मिळणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुमचा डोळा माझ्या पेनावर राहायला नको. शिफारसपत्रं पाहिजेत म्हणून आलात, फायली टेबलावर ठेवल्यात, ‘मॅडम, उद्यापर्यंत झालं तर बरं’ असं वर म्हणालात आणि निघून गेलात. त्या फायली मी वाचल्या. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मॅडम आता रिटायर झाल्या, चष्म्याचा नंबर वाढला, वाचत कशाला बसतील, खाली सही ठोकून देतील, असा तुमचा हिशेब होता. दहावीपर्यंत माझ्यापाशी सायन्स शिकूनही मला तुम्ही एवढंच ओळखलंत.

प्रत्येकाच्या फायलीत एकाच संस्थेचं इंटर्नशिपचं प्रमाणपत्र आहे. सोनेरी काठ, एका कोपऱ्यात कबुतर, दुसऱ्या कोपऱ्यात पृथ्वीचा गोळा, खाली दोन सह्या आणि त्याही छापील. ‘शांतता व जागतिक आरोग्य या क्षेत्रात उत्कृष्ट योगदान.’ सोबत अहवाल जोडलाय. त्या अहवालाच्या तिसऱ्या पानावर काय आहे, ते तुमच्यापैकी एकानं तरी वाचलं का? किनारपट्टीवरच्या मच्छीमार कुटुंबांच्या आरोग्याची पाहणी तुम्ही केली आहे. आपल्या वडनेरात! काहून रे, नागपूर-हैदराबाद हायवेवर समुद्र कुठून आणला? आपल्या तालुक्याची वणा नदी उन्हाळ्यात गुडघाभर राहत नाही आणि तुम्ही भरती-ओहोटीच्या काळातल्या जुलाबांची आकडेवारी देता. कोणाची तरी पानं उचलली, गावाचं नाव बदललं, समुद्र बदलायचा राहून गेला. चोरी करायची तर निदान वाचून तरी करायची.

आणि हे कागद फुकट मिळालेले नाहीत. व्हरांड्यात चपला घालताना तुमच्यातलाच एक जण बोलून गेला. मोबाइलवरून पैसे भरले की आठवड्याभरात प्रमाणपत्र ईमेलवर येतं. अहवालाचा नमुना पाहिजे असेल तर वरून थोडे जास्त. म्हणजे तुम्ही काम केलं नाही, उलट काम न करण्याचे पैसे दिले. ते पैसे कुठून आले? तुमच्या घरची आई कापूस वेचायला जाते, तिला किलोवर पैसे मिळतात. बोंडाच्या टोकांनी तिची बोटं फाटतात, म्हणून ती रात्री त्यांना तेल लावून बसते. त्या पैशातून तुम्ही कबुतर विकत घेतलंत.

इथवर मी तुम्हाला रागवून सोडून दिलं असतं. खोटे दाखले काही तुम्ही शोधून काढलेले नाहीत. नवीन शिक्षण धोरणात पदवीला इंटर्नशिप आणि प्रत्यक्ष कामाचे क्रेडिट आले, त्याबरोबर दाखल्यांची दुकानंही आली. पण तुमच्या फायलीत दुसरा कागद आहे, तो वाचून माझं डोकं फिरलं. ज्या नव्या संस्थेसाठी शिफारस पाहिजे, तिच्या अर्जात एक रकाना आहे, ‘अपेक्षित मानधन’. संस्था स्वतः विचारते आहे, बाबांनो, किती लागेल. आणि तिथे तुम्ही काय लिहिलं? ‘निरपेक्ष सेवा करण्यास तयार.’ एकानं तर ‘पैसा हा उद्देश नाही’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात. खोट्या कागदासाठी पैसे मोजताना लाज वाटली नाही, खऱ्या कामाचे पैसे मागताना लाज वाटली! ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हे तुम्हाला कोणी शिकवलं? मी तर नाही शिकवलं.

‘मॅडम, सेवेचे पैसे मागितले तर चांगलं दिसत नाही.’ हे वाक्य मी तुमच्या तोंडून ऐकलंय, तुमच्या बापांच्या तोंडून ऐकलंय आणि व्यासपीठावर हार गळ्यात घालून बसलेल्या बड्या बड्या लोकांच्या तोंडूनही ऐकलंय. हे शेवटचे लोक तर पगार घेऊन हे वाक्य बोलतात. निदान वर्धा जिल्ह्यातल्या पोरांनी तरी ते बोलू नये, कारण सेवा म्हणजे काय हे जगाला ज्या गावांनी दाखवलं ती गावं आपल्या जिल्ह्यात आहेत आणि त्या गावांनी फुकटेपणाला कधी सेवा म्हटलेलं नाही.

१९३५ साली चरखा संघापुढे प्रश्न आला तो सूत कातणाऱ्या बायांच्या मजुरीचा. दिवसभर चरखा फिरवून बाईच्या हातात पैसे पडायचे ते पोटालाही पुरत नसत. देशासाठी कातते आहे, खादी आहे, सेवा आहे, असं म्हणून तो प्रश्न मिटवणं फार सोपं होतं. गांधीजींनी आग्रह धरला तो आठ तासांच्या कातणीला आठ आणे मिळावेत असा. संघाला ते पेलण्यासारखं नव्हतं, खादी महाग होईल म्हणून कुरकुर झाली, शेवटी गाडी तीन आण्यांवर थांबली. पण कमीत कमी मजुरी ठरल्याशिवाय खादी पवित्र होत नाही, हे त्या म्हाताऱ्यानं मान्य करून घेतलं. दुसऱ्या वर्षी, १९३६ मध्ये, तो शेगावला राहायला गेला. ते शेगाव म्हणजे आजचं सेवाग्राम.

विनोबांचं बघा. १९५७ साली त्यांनी केरळात शांतिसेना उभी केली. दर पाच हजार लोकांमागे एक शांतिसैनिक असावा, एरवी त्यानं त्या पाच हजारांची सेवा करावी आणि दंगा पेटला की मधे जाऊन उभं राहावं, असा त्यांचा हिशेब होता. मग या सैनिकानं खायचं काय? विनोबांनी ते हवेवर सोडलं नाही. घरोघरी सर्वोदय-पात्र ठेवायला सांगितलं. घरातल्या लहान पोरानं रोज त्यात मूठभर धान्य टाकायचं आणि त्या धान्यावर शांतीचं काम करणारा माणूस जगायचा. शांततेच्या कामाचं मानधन दुसरं काय असतं? पवनारच्या ऋषीला भूक कळत होती आणि तुम्ही मला सांगता, पैसा हा उद्देश नाही.

तिसरं उदाहरण तुमच्या अभ्यासक्रमातलं असायला पाहिजे, पण नाही. डॉ. अभय बंग वर्ध्याचे. सेवाग्रामच्या वातावरणात वाढलेले. गडचिरोलीला जाण्याआधी ते आणि डॉ. राणी बंग आपल्याच जिल्ह्यात कान्हापूरला काम करत होते. शेतमजुराचं किमान वेतन तेव्हा दिवसाला ४ रुपये होतं. डॉक्टर माणसानं त्यात पडायचं काही कारण होतं का? त्यांनी मजुराला कामासाठी लागणारं अन्न, घरातली खाणारी तोंडं, मजुरी न मिळणारे दिवस असा सगळा हिशेब मांडला आणि तो १२ रुपयांवर गेला. सरकारनं आपला दर कुठल्या चुकीच्या गृहीतकांवर काढला होता तेही दाखवलं. पुढे सरकारला दर वाढवावा लागला. हे आरोग्याचं काम होतं की पैशाचं? उत्तर लिहून आणा, शंभर शब्दांत. खरंच आणा.

आता तुम्हाला जे ‘ग्लोबल’ पाहिजे तिकडे जाऊ. तुमच्या अर्जात जिनिव्हा हा शब्द मी मोजायचाच सोडून दिला. तर जिनिव्हाचीच गोष्ट ऐका. २०१५ साली संयुक्त राष्ट्रसंघात इंटर्न म्हणून काम करणारा न्यूझीलंडचा एक तरुण तिथल्या तळ्याकाठी तंबू ठोकून राहताना सापडला. काम सूट घालून करायचं, पगार शून्य, जिनिव्हाचं घरभाडं परवडत नाही, म्हणून तंबू, असं त्यानं सांगितलं. जगभर बोभाटा झाला. जागतिक आरोग्य संघटनेतही हीच तऱ्हा होती. गरीब देशांच्या आजारांवर काम करायला येत होती ती मुख्यतः श्रीमंत देशांतली मुलं, कारण सहा महिने बापाच्या पैशावर परदेशात राहणं त्यांनाच जमत होतं. शेवटी २०१८ मध्ये सदस्य देशांनी ठराव केला आणि २०२० पासून तिथल्या इंटर्नना मानधन सुरू झालं.

हे का सांगते, कळतंय का? बिनपगारी काम सगळ्यांना सारखं बिनपगारी पडत नाही. नागपूरच्या डॉक्टरचा मुलगा सहा महिने फुकट राबला तर त्याचा एक मोबाइल कमी येईल. तुम्ही राबलात तर तुमच्या घरचा एक हंगाम जाईल. म्हणून ‘निरपेक्ष’ लिहिणाऱ्यांच्या रांगेत शेवटी कोण उरतं? ज्याला अपेक्षा करायची गरजच नाही तो. आणि मग सापाच्या विषावर, फवारणीच्या विषबाधेवर, सिकलसेलवर धोरण कोण ठरवतं? ज्यानं यातलं काहीही घरात पाहिलेलं नाही तो. तुम्ही त्या रकान्यात रक्कम लिहिली नाही, त्यानं फक्त तुमचं नुकसान झालं असतं तर मी बोलले नसते. तुमच्या मागून येणाऱ्या पोरीला आता संस्था म्हणेल, मागच्या वर्षी वडनेरची मुलं तर फुकट काम करायला तयार होती.

एका गोष्टीत गल्लत नको. आठवडाभराचं शिबिर वेगळं. सोमनाथला बाबा आमट्यांचं श्रमसंस्कार शिबिर १९६७ पासून भरतं. तिथे कोणी मजुरी मागत नाही आणि मागूही नये. घाम गाळायचा, ऐकायचं, चार राज्यांतल्या पोरांशी भांडायचं आणि घरी यायचं. पण सहा महिने, वर्षभर, रोज ठरलेल्या वेळी कोणाचं तरी ठरलेलं काम करायचं असेल तर ते काम आहे आणि कामाला दाम लागतो. बाबा आमटे हे नाव निघालंच आहे तर विचारते, त्यांचा जन्म कुठला? गप्प बसलात ना! १९१४, हिंगणघाट. आपला तालुका. तुम्ही अर्जात ‘माझे प्रेरणास्थान’ म्हणून एका अमेरिकन उद्योगपतीचं नाव लिहिलंय.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काही नाही. जागतिक आरोग्य म्हणजे जिथे विमानानं जावं लागतं ते, असं तुमच्या डोक्यात बसलंय. सर्पदंश हा जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातला आणि २०३० पर्यंत त्यामुळे होणारे मृत्यू आणि अपंगत्व निम्म्यावर आणायचं ठरवलं. भारतात वर्षाला अंदाजे ५८ हजार माणसं सापानं मरतात, जगात कुठेही एवढी मरत नाहीत. तुमच्यापैकी कोणाच्या घरात, नात्यात, शेजारात साप चावून माणूस गेलेला नाही? हात वर करा. एकही हात वर येणार नाही हे मला माहीत आहे. तरी तुमच्या अहवालात मच्छीमार.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणातल्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले, तेव्हा लाल विंचवानं माणसं मरत होती. त्यांनी प्रत्येक रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम सगळं लिहून ठेवलं, प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून पाहिलं आणि ‘लॅन्सेट’मध्ये छापलं. लंडनच्या साप्ताहिकात महाडचा विंचू! तो माणूस जगाकडे गेला नाही, जगाला त्यानं आपल्या खाटेपाशी आणलं. आपल्याकडे काय कमी आहे? २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळात कपाशीवर फवारणी करताना मजूर विषबाधेनं गेले. तुमच्या घरी फवारणी कोण करतं, तोंडाला काय बांधतो, डबा कुठे धुतो, हे एका वहीत लिहून ठेवलं असतं तर मी सही नाही, अंगठा पण दिला असता.

आणि शांतता. तुमच्या अर्जात युक्रेन आहे, गाझा आहे. असू द्या, त्या लोकांचं दुःख खरं आहे, त्यावर वाचा. पण ३ फेब्रुवारी २०२० ला हिंगणघाटच्या नंदोरी चौकात, सकाळी कॉलेजला निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेला पेट्रोल टाकून पेटवलं गेलं. सात दिवसांनी ती गेली. तुम्ही तेव्हा शाळेत होता. गावागावांत बंद पाळला होता, तुम्हाला आठवत असणार. दोन वर्षांनी कोर्टानं जन्मठेप दिली आणि विषय संपला, असं सगळ्यांनी धरलं. ज्या तालुक्यात हे घडलं, तिथली पोरं शांततेवर पानंच्या पानं लिहितात आणि बसस्टँडवर पोरींच्या मागे लागणाऱ्यांबद्दल, नकार ऐकायला न शिकलेल्या मुलांबद्दल त्यात एक ओळ नाही. मुलांनो, तुम्हाला विचारते. मुलींना नाही, तुम्हाला.

आता काम म्हणजे काय असतं ते जरा जवळून बघा, म्हणजे मानधन कशाचं मागायचं ते कळेल. गडचिरोलीत बंगांच्या ‘सर्च’नं गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. न्यूमोनिया ओळखायला बाळाचे मिनिटाचे श्वास मोजावे लागतात. बाईला तेवढं मोजता येईलच असं नाही. म्हणून एक साधं यंत्र केलं. एक मिनिटाची वाळूची घडी आणि शेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर बाळाला न्यूमोनिया. बस्स. त्या लाल मण्यावर बाळाचा जीव. आता विचार करा, बाळ रडतंय, सासू बाजूला बडबडते आहे, दिवा मिणमिणतो आहे आणि तुम्ही मन लावून छातीकडे बघत मोजताय. सात, आठ, नऊ. मधेच मोबाइल वाजला, तर पुन्हा पहिल्यापासून.

‘सर्च’नं ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा अभ्यास केला. तिथल्या जन्म-मृत्यूंच्या नोंदी इतक्या चोख होत्या म्हणून १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं तो अभ्यास छापला आणि २०११ पासून सरकारनं घरपोच नवजात बालसेवा आशाताईंमार्फत देशभर सुरू केली. तो अभ्यास उभा कशावर होता? कोणीतरी पावसात चिखल तुडवत जाऊन ‘या घरात परवा बाळ गेलं’ हे खरं लिहिलं यावर. तिथे एखादा तुमच्यासारखा असता आणि त्यानं झाडाखाली बसून रकाने भरले असते, तर काय झालं असतं? मेलेली बाळं कागदावर जिवंत राहिली असती. खोटा अहवाल म्हणजे नुसती कॉपी नाही रे. त्या अहवालावर विसंबून कोणीतरी औषध कुठे पाठवायचं ते ठरवतं.

वर्ध्यातच आणखी एक उदाहरण आहे. गांधी स्मारक कुष्ठरोग निवारण प्रतिष्ठान १९५१ मध्ये सुरू झालं. तिथल्या डॉ. वर्देकरांनी कुष्ठरोग्याला गावाबाहेर काढण्याऐवजी घरोघर जाऊन तपासायचं, समजवायचं, घरीच गोळ्या द्यायच्या अशी पद्धत बसवली. ही दारं वाजवणारी माणसं संन्यासी नव्हती. प्रशिक्षण घेतलेले, पगार घेणारे कार्यकर्ते होते. पगार मिळत होता म्हणूनच डॉक्टर त्यांना विचारू शकत होते, अमक्या वाडीत का गेला नाहीस? फुकट येणाऱ्याला कोण विचारणार? तोच उलटा म्हणतो, मी तर सेवा करतोय. मानधनाचा खरा उपयोग मला हा वाटतो. पैसे घेतले की हिशेब द्यावा लागतो.

म्हणून आता तुमच्यातल्या दुसऱ्या टोळीकडे वळते. मागच्या बाकावर बसून हसताय ते. तुम्ही मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत लागलात. २०२४ मध्ये आली ती योजना, बारावीला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८, पदवीधराला १० हजार महिना. चांगली गोष्ट झाली. पण तुम्ही काय केलं? सकाळी हजेरी लावायची, ऑफिसात साहेब नाही म्हणून टपरीवर, दुपारी घरी. ‘मॅडम, आम्हाला तिथं कामच देत नाहीत.’ अरे, मागितलं का कधी? ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूचं रजिस्टर असतं, पाण्याच्या क्लोरीनची नोंद असते, ती कधी उघडून पाहिली? पाट्या टाकून पैसे उचलणारा आणि पैसे भरून दाखला घेणारा, दोघांत मला फरक दिसत नाही. दोघांनीही काम केलं नाही.

आशाताईंकडे बघा आणि लाज वाटू द्या. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाख आशांचा सन्मान केला. त्याच आशा २०२४ च्या सुरुवातीला मुंबईत आझाद मैदानावर मानधनवाढीसाठी ठाण मांडून बसल्या होत्या, तेव्हा कुठे सरकारनं ५ हजारांची वाढ दिली. त्यांनी ‘चांगलं दिसत नाही’ असं म्हटलं नाही. काम केलं होतं, म्हणून ताठ मानेनं मागितलं.

संस्थांची बाजूही ऐका, नाहीतर म्हणाल मॅडम एकतर्फी बोलतात. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला २०२० च्या दुरुस्तीनंतर त्यातला २० टक्क्यांहून जास्त पैसा प्रशासनावर खर्च करता येत नाही, पूर्वी ही मर्यादा ५० टक्के होती. कंपन्यांचा सामाजिक निधी येतो तो शौचालयाला, पाण्याच्या टाकीला. फोटो निघेल त्याला. माणसाच्या पगाराला पैसे देताना देणगीदाराचा हात आखडतो. छोट्या संस्थेचा प्रमुख स्वतः अर्ध्या पगारावर राबत असतो. अशा ठिकाणी दहा हजार मिळणार नाहीत. पण राहायची खोली, दोन वेळचं जेवण आणि गावात फिरायचं भाडं मिळत असेल, वर शिकवायला एक जाणता माणूस असेल, तर तेही मानधनच आहे. जा. फक्त विचारून जा. जी संस्था उलट तुमच्याकडेच पैसे मागते, तिच्या दारात पाऊल ठेवू नका, मग लेटरहेडवर कितीही देशांचे झेंडे असू देत.

विचारायचं काय, ते लिहून घ्या. पेन आहे का? नाही! शिफारसपत्र मागायला आलात आणि पेन नाही. घ्या हे. काम नेमकं कोणतं, कोणाच्या हाताखाली, किती महिने. मानधन किती, कोणत्या तारखेला, खात्यात की रोख. राहणं कुठे. दुखलंखुपलं तर कोण बघणार. आणि मुलींनी अजून एक विचारायचं, अंतर्गत तक्रार समिती आहे का, तिच्यावर कोण आहे. २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थीसुद्धा कर्मचारीच धरला आहे आणि जिथे दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे समिती असावीच लागते. हे विचारल्यावर समोरच्याचा चेहरा पडला, तर तुम्हाला कळायचं ते कळलं. त्या जागी जायचं नाही. एवढं विचारणाऱ्या पोरीला आगाऊ म्हणतील. म्हणू द्या.

घरच्यांचंही मला माहीत आहे. पोरगी सहा महिने गडचिरोलीला राहणार म्हटलं की बाप म्हणतो, लोक काय म्हणतील. आणि महिन्याला एवढेसे पैसे ऐकले की म्हणतो, यापेक्षा कृषी केंद्रात बस. त्या बापांना मी भेटते, माझ्यापाशी पाठवा. जपाननं चीनवर हल्ला केला, तेव्हा १९३८ मध्ये इथून पाच डॉक्टर तिकडे गेले. एक सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, वय २७, आणि एक आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर, साठीच्या जवळ आलेले. देश स्वतः गुलाम होता, तरी काँग्रेसनं लोकांकडून वर्गणी गोळा करून त्यांना पाठवलं. जहाजाचं भाडं ज्याचं त्यानं बघावं असं कोणी म्हटलं नाही. कोटणीस तिथे बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि १९४२ मध्ये तिथेच गेले. सोलापूरच्या त्या घरालाही लोक काहीतरी म्हणालेच असतील. गडचिरोली तर त्या मानानं दुपारच्या बसनं गाठता येतं.

फायली परत घेऊन जा. प्रमाणपत्रं काढून टाका, ती पुन्हा कुठेही लावायची नाहीत. ज्यानं लावली त्याच्याबद्दल मला कोणी फोन करून विचारलं तर मी खरं ते सांगीन. नवीन अहवाल पाहिजे, हातानं लिहिलेला. विषय देते. गावातल्या सरकारी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांची परवानगी घ्या आणि सर्पदंशावरचं प्रतिविष आज तिथे आहे का, रात्री कोण असतं, मागच्या पावसाळ्यात साप चावलेली माणसं किती वेळानं पोचली आणि आधी मांत्रिकाकडे किती जण गेले, हे विचारून लिहा. रुग्णाचं नाव लिहायचं नाही. परवानगी मिळाली नाही तर तसं लिहा, तोही अहवालच आहे. आशाताईंबरोबर एक फेरी करा, त्यांची पिशवी तुम्ही उचला. हजेरीवाल्यांनी ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या नोंदी बघून याव्यात. एका रविवारी हिंगणघाटला बस बदलून सेवाग्रामला जा. आश्रमात परचुरे शास्त्रींची कुटी आहे, कुष्ठरोग झालेला तो संस्कृत पंडित तिथे राहायचा आणि गांधी स्वतः त्याला मालीश करायचे. सेल्फी काढू नका, पाटी वाचा.

आणि ‘अपेक्षित मानधन’ हा रकाना पुन्हा भरा. खोलीचं भाडं, मेस, बसभाडं, मोबाइलचं रिचार्ज, घरी पाठवायचे थोडे, अशी बेरीज करून आकडा टाका. वाढवून नको, कमी करूनही नको. बेरीज मी तपासणार आहे. पुढच्या सोमवारी, चारनंतर. ज्यानं दोन रेघा मारल्या होत्या तो आधी येईल.